रविवारी दहाला बाबा का बसत नाहीत

मुकुंदवाडी, औरंगाबाद
सोमवार, १२ मे २००३

ती. रत्नाताईस,

अंगदचा नमस्कार. बिभीषण दाजींनाही माझा नमस्कार सांग आणि मुक्तीचा एक पापा घे. आम्ही इथे सगळे बरे आहोत, तुम्हीही बरेच असाल.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. उत्तराला तीन दिवस लागले, कारण सध्या अर्धा दिवस पाण्यातच जातो. नळ चौथ्या दिवशी येतो, तोही पाऊण तास. समोरच्या प्लॉटवर चार मजली इमारत चढतेय, तिला मात्र रोज सकाळी टँकर. आई गॅलरीत उभी राहून मोठ्यानं म्हणते, "मानसाला घोटभर नाय अन् भिताडाला टँकर!" कॉन्ट्रॅक्टरला ऐकू जावं म्हणूनच म्हणते. तो काही ऐकत नाही.

तू विचारलंस, पाच रविवार झाले, बाबा दहाला तुझ्याशी चॅटवर का बसत नाहीत. मुक्तीचा फोटो त्यांना दिसला की नाही. कॉम्प्युटर बंद आहे, ताई. म्हणजे चालू होतो, पण इंटरनेट जोडलं की बसतो. फोनवरून लाइन जोडायचं जे डायल-अपचं सॉफ्टवेअर असतं, त्यात काहीतरी बिघडलंय. मोडेम नंबर फिरवतो, ती किरकिर होते, जोडलं असं दिसतं आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळा पडदा निळा. त्यावर पांढऱ्या अक्षरात कुठल्याशा फाइलचं नाव येतं. मग काहीही दाबा, ढिम्म हलत नाही. बटण दाबून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, पुन्हा तेच.

मी मोडेम बदलून पाहिला. रॅम काढून खोडरबरानं घासून पुसली. फोनची वायर खांबापासून नवीन ओढली. टेलिफोनवाल्याला घरी आणून चहा पाजला, तो म्हणाला लाइन सोन्यासारखी आहे. आणखी एक-दोन गोष्टी केल्या, त्या तांत्रिक आहेत, तुला सांगून उपयोग नाही. दुकानात दिवसाला लोकांची चार मशीनं नीट करून देतो आणि घरचं एक होत नाही. दुकानाच्या पाटीवर 'तज्ज्ञ' लिहून घेतलंय, ते वाचायचा हल्ली कंटाळा येतो.

फोटो बाबांनी पाहिला. पूर्ण पाहिला. वरून एकेक ओळ उतरत होती, आधी टोपडं, मग कपाळ, मग डोळे. बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते. आईला हाक मारली, "राजाबाई, ये बघ, डोळे उघडे हायेत." मग तुला उत्तर लिहायला घेतलं आणि मधेच निळं झालं. तुला शेवटचं आलं ते 'नाक तर' एवढंच ना? पुढे काय लिहिणार होते ते विचारून कळवतो.

या दर रविवारच्या बैठकीचा मला किती अभिमान होता, हे तुला कधी सांगितलं नाही. दाजींशी लग्न करायला तू गीताबाई आत्याच्या पोराशी ठरलेली सोयरीक मोडलीस आणि बाबांनी इथल्या शेजारच्या सातारा गावच्या खंडोबासमोर, सगळ्या भावकीत बेल-भंडारा उचलला, "या पोरीशी मी जन्मात बोलनार नाय." तीन वर्षं बोलले नाहीत. फोन वाजला की उठून बाहेर. ज्या हातानं भंडारा उचलला त्या हातानं पत्रही लिहीत नव्हते. मग मीच म्हटलं, बाबा, हे बोलणं नाही, ही बटणं आहेत. त्यांनी एक दिवस विचार केला, आणि दुसऱ्या दिवशी डाव्या हाताचं एक बोट पुढे करून म्हणाले, "दाखव कुठं दाबायचं." एवढा देवभीरू माणूस आणि पळवाट सापडल्यावर लहान पोरासारखा खूश झाला. दर रविवारी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसायचे. ती वाट मीच काढून दिली होती, म्हणून ती बंद पडल्याचं मला जास्त लागतं.

बाकी ठीक. बाबा रोज सकाळी टेप घेऊन कॉलनीतल्या विहिरीवर जातात. प्लॉट पडले तेव्हा शेतातली ती विहीर मधेच राहून गेली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी पाणी मोजल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. बोलतात कमी, पण ते आधीपासूनच.

कॉम्प्युटर सुरू झाला की कळवतो. बाबांचीही समजूत काढतो. म्हणजे आधी कॉम्प्युटर, मग ते.

तुझा,
अंगद


मुकुंदवाडी, औरंगाबाद
बुधवार, ४ जून २००३

ती. रत्नाताईस,

सप्रेम नमस्कार. दाजींना बढती मिळाल्याचं वाचून आनंद झाला. आईनं देवापुढे साखर ठेवली. बाबांना तिनं सांगितलं नाही, पण ती स्वयंपाकघरातून एवढ्या मोठ्यानं मला सांगत होती की त्यांना ऐकू गेलंच.

कॉम्प्युटर सुरू झाला. मी नाही केला, युसूफभाईंनी केला. माझ्या दुकानाला लागून त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, तुला आठवत असतील, पांढरी दाढी, कानावर कायम टेस्टर. त्यांना विंडोजमधलं काही कळत नाही. माझं पडलेलं तोंड बघून एक दिवस दुपारी घरी आले, आईच्या हातचा चहा घेतला आणि मशीनकडे न बघता मला विचारलं, "बिगडने के एक दिन पैले इसमें नवा क्या डाले थे, अंगद?"

मी म्हटलं, काही नाही.

"कुछ तो डाले होंगे. मशीन बैठे-बैठे नाराज नै होती."

आणि मग मला आठवलं. गुढीपाडव्याच्या आधीच्या शनिवारी मी एक फुकटची सीडी टाकली होती. कुठल्याशा इंटरनेट कंपनीची, बाजारात वाटत होते. तिच्यात त्यांचं स्वतःचं लाइन जोडायचं सॉफ्टवेअर होतं. त्यानं आपली एक फाइल विंडोजच्या फाइलच्या जागी बसवली होती आणि लाइन जोडली की दोघांत भांडण. ते काढलं, विंडोजच्या मूळ सीडीवरचं डायल-अप परत घातलं. दोन तास लाइन जोडून ठेवली, एकदाही निळं झालं नाही. युसूफभाई म्हणाले, "बस्स? इतनी सी बात?" मला हसायला आलं नाही.

कारण मागच्या पत्रात 'तांत्रिक' म्हणून जे टाळलं, ते आता लिहावं लागतंय.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. दोष सापडला नाही की फॉरमॅट मारायचा. सगळं पुसायचं, विंडोज नव्यानं घालायचं. गिऱ्हाईक खूश होतं, आणि आपल्याला डोकं चालवावं लागत नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरच्या मशीनला फॉरमॅट मारला. येत्या रविवारी बाबांना दहाला बसता यावं, एवढीच घाई होती, हे खरंच सांगतो.

बाबांच्या विहिरी त्यात होत्या. तुला माहीतच आहे, बहात्तरच्या दुष्काळात ते पाण्याच्या खात्यात लागले तेव्हापासूनची कन्नड तालुक्यातल्या तीनशे विहिरींची मापं. कुठल्या महिन्यात पाणी किती फुटांवर, कुठली आटली, कुठली कधीच आटली नाही. रिटायर झाल्यावर दीड वर्ष बसून डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी त्यांनी ती टाइप केली. मी फॉरमॅटच्या आधी पडद्यावरचं 'विहिरी' असं लिहिलेलं ते चित्र फ्लॉपीवर उतरवून घेतलं. एका सेकंदात उतरलं. एकोणतीस वर्षांचं काम एका सेकंदात कसं उतरलं, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. ते चित्र म्हणजे फाइल नव्हती, ताई, फाइलचा नुसता पत्ता होता. दुकानात कामाला येणाऱ्या नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात हे शिकवतो. मी पत्ता जपून ठेवला आणि घर पाडलं.

आणि फॉरमॅट मारल्यावर पहिलं काम काय केलं, तर तीच फुकटची सीडी परत घातली. म्हणजे सगळं पुसूनही दोष तिथल्या तिथेच.

वह्या नाहीत. सत्तावीस वह्या होत्या, तीन-चार वाळवीनं खाल्लेल्या. दिवाळीच्या साफसफाईत मीच म्हटलं, बाबा, सगळं मशीनमध्ये आलंय, आता या कशाला. मीच उचलून रद्दीवाल्याला दिल्या. बाबा दारापर्यंत त्याच्या गाडीमागे गेले आणि परत आले.

गेल्या आठवड्यात कन्नडकडचा कडुबा सरपंच आला होता. गावाला टँकर पुरत नाही, बहात्तरला कुठल्या विहिरीनं तग धरला ते सांगा, तिथला गाळ काढतो, म्हणाला. बाबांनी दोन-तीन आठवणीतून सांगितल्या. मग म्हणाले, "बाकीचं गेलं, कडुबा." कसं गेलं ते त्यानं विचारलं नाही. मी आत मोडेमची वायर गुंडाळत बसलो होतो, ती तीनदा सोडून तीनदा गुंडाळली.

'नाक तर'चं बाबांना विचारवलं नाही. आई म्हणाली, "त्यांना म्हनायचं व्हतं, नाक तर माझ्या आईचं. मुक्ताबाईचं." तू मुलीला आजीचं नाव ठेवलंस, त्यावर त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नव्हता. नाक बघून काढणार होते.

मशीन चालू आहे तरी बाबा बसत नाहीत. विहिरी गेल्यामुळे मन उडालंय, एवढंच. तुझा यात काही संबंध नाही. उगीच मनाला लावून घेऊ नको.

तुझा,
अंगद


मुकुंदवाडी, औरंगाबाद
शनिवार, २१ जून २००३

ताई,

नमस्कार. हे पत्र तुला कुणाच्या हातून मिळालं ते तू बघितलंसच. त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी हे सगळं वाच, मधे थांबू नको.

मी 'तुझा यात संबंध नाही' असं लिहिलं आणि तू नेमकी तिथेच अडकलीस. कुणी विचारलं नसताना असं का लिहिलं, म्हणून तू आईला फोन केलास, आणि आईच्या पोटात काही राहत नाही. बाबा म्हणतात देवानं पाहिलं. भंडारा उचलून मागच्या दारानं पोरीशी बोलत होतो, तो फोटो आला आणि त्याच्याबरोबर मशीनमध्ये रोग आला, आयुष्याचं काम धुऊन गेलं. आणि गीताबाई आत्यानं त्यावर कडी केली, की त्या तान्हीचा पायगुणच तसा.

तुझं पत्र परवा मिळालं. मुक्तीचे फोटो पेटीत तळाला घालून ठेवलेत, असं लिहिलंस. तिला मांडीवर घेऊन तिच्या पायांकडे बघते आणि स्वतःचीच लाज वाटते, असं लिहिलंस. मी ते दुकानात वाचलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं. त्याला म्हटलं, उद्या या.

फोटोत काही नव्हतं, ताई. कसलाही रोग नव्हता.

फॉरमॅट मारला त्या दिवशी संध्याकाळी बाबा मशीनवर बसले, विहिरी दिसेनात. मी फ्लॉपी घातली. ती उघडेना. तेव्हा मला कळलं काय झालंय. बाबांनी विचारलं, "कशानं गेलं रे?" रागावून नाही, साधंच विचारलं. मी म्हणायला पाहिजे होतं, माझ्यानं गेलं. दोन शब्द. त्याऐवजी म्हणालो, "त्या फोटोतून व्हायरस आला असंल." तू दूर होतीस, ओरडायला समोर नव्हतीस, आणि तुझ्यावर त्यांचा राग आधीचाच होता, त्यात अजून थोडा मावला असता. असा मी विचार केला. विचार केला म्हणजे तोंडातून निघून गेलं, पण नंतर अडीच महिने मी ते तसंच राहू दिलं, तो तर विचारच होता.

मला वाटलं होतं तुझ्यावर थोडे चिडतील. ते चिडलेच नाहीत. भिंतीवरच्या खंडोबाकडे बघून हात जोडले. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पाटीवर तज्ज्ञ लिहिलेला माणूस घाबरला होता.

परवा, तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी, बाबांच्या मागे कॉलनीतल्या विहिरीवर गेलो. हल्ली ते सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजतात. चारी बाजूंनी बोअरची मशीनं चालू, त्यात ओरडूनच बोलावं लागत होतं. म्हणून सगळं ओरडून सांगितलं. सीडी, फॉरमॅट, फ्लॉपी, फोटो, व्हायरस. कठड्यावर दोन बाया धुणं धूत होत्या, त्यांनीही ऐकलं.

बाबांनी टेप खाली सोडला होता तो पाण्याला लागेपर्यंत सोडला. वर ओढला. ओला भाग बोटानं बघितला. "त्रेपन्न," म्हणाले. मग माझ्याकडे वळले.

"फोटूत काईच नव्हतं?"

"काही नव्हतं, बाबा."

"देवानं काई केलं नाय?"

"नाही. मी केलं."

त्यांनी टेप गुंडाळला. म्हणाले, "अडीच म्हयने मी देवाला भेलो. पोरीचं नाव काढायला भेलो. तुला बरं झोपू वाटलं रं."

मी रडलो, ताई. बाबा रडले नाहीत. घरी आले, जेवले, झोपले. काल दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं आता माझ्यासाठीही भंडारा उचलतात की काय.

आज सकाळी आईला म्हणाले, माझ्याकडे न बघता, "त्याला म्हन, रत्नीचा पत्ता लिहून दे. अन् काय काय केलं ते समदं तिला लिहून दे. टपालानं नगं. मी नेतो."

आई आधी हसली, मग पदर डोळ्याला लावला, मग भाकऱ्या थापायला बसली. तिलाही यायचं होतं. बाबा म्हणाले, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला, असं म्हणाले. आईनं मला आत बोलावून ते दोनदा सांगितलं.

मी उद्या त्यांना काचीगुड्याच्या गाडीत बसवतोय. सोमवारी पोचतील. मी सोबत येतो म्हटलं, तर नुसते बघत राहिले. ते बघणं तुला माहीत आहे. आत्याला कुणी सांगितलं कुणास ठाऊक, ती दुपारी येऊन गेली. "शपथ मोडतोस का मुंजाबा, खंडोबासमोरची?" म्हणाली. पिशवीत मुक्तीसाठी घेतलेलं अंगडं घडी करता करता बाबा तिला म्हणाले, "मोडत नाय. तिच्याशी बोलनार नाय असं म्हनलो व्हतो. तिचं आयकनार नाय असं कुठं म्हनलो व्हतो?"

तर ताई, ते बोलणार नाहीत. दारात उभे राहतील, हे पत्र पुढे करतील आणि गप्प बसतील. तू त्यांना बोलायला लावू नको, आणि गप्प आहेत म्हणून तूही गप्प राहू नको. सात-आठ दिवस राहायच्या तयारीनं आलेत, तीन धोतरं घेतलीत. लग्नाचं सांग. बाळंतपणात कुणी नव्हतं त्याचं सांग. त्यांच्यावरचा राग असेल तर तोही सांग. आणि माझ्याबद्दल तुला जे काही म्हणायचं असेल, ते इथे पत्रातून मला लिहू नको. समोर बसलेत त्यांना ऐकव. माझा बाप ते ऐकायलाच एवढा लांब आलाय.

तुझा आणि मुक्तीचा अपराधी,
अंगद